कार-शेअरिंगमधील ऑनलाइन वाहन-नेमणूक

कार-शेअरिंग सेवेत पुढे कोणती बुकिंग येणार हे ठाऊक नसताना, आलेले बुकिंग स्वीकारायचे की नाही आणि स्वीकारल्यास त्याला कोणती गाडी द्यायची, हे जागच्या जागी ठरवणाऱ्या अल्गोरिदमना ‘ऑनलाइन’ म्हणतात. दिलेला होकार सहसा फिरवता येत नाही, आणि विषयातील खरी अडचण तिथेच आहे.

गाडी घेतलेल्या तळावरच परत करायची असेल, तर होकार देणे आणि गाडी नेमणे ही कामे वेगळी ठेवणे केव्हाही चांगले. समजा, तळावर सारख्या दोन गाड्या असून ९ ते ११चे बुकिंग पहिलीला व १३ ते १५चे दुसरीला आधीच जोडून टाकले. मग १० ते १४साठी आलेल्या ग्राहकाला नकार द्यावा लागतो. वास्तविक कोणत्याही क्षणी दोनपेक्षा जास्त गाड्यांची गरज नसते. नेमणूक किल्ली देण्याच्या वेळेपर्यंत लांबवली, तर पहिली दोन्ही बुकिंग एकाच गाडीवर बसतात आणि तिसरे दुसरीवर. सारख्या गाड्यांच्या बाबतीत, एका वेळी चालू असलेल्या बुकिंगची संख्या गाड्यांहून वाढत नाही, एवढेच होकारापूर्वी पाहणे पुरते.

मागणी गाड्यांहून जास्त असली, की प्रश्न निवडीचा होतो. अशा वेळी अल्गोरिदमची पारख स्पर्धात्मक गुणोत्तराने करतात: सर्व बुकिंग आधीच माहीत असती तर झालेली कमाई प्रत्यक्ष कमाईच्या जास्तीत जास्त किती पट ठरू शकते, हे त्यातून कळते. एकच गाडी आणि वापराच्या वेळेइतकी कमाई असेल, तर यादृच्छिकता (नाणेफेकीसारखी दैवावर सोडलेली निवड) न वापरणाऱ्या कोणत्याही अल्गोरिदमला या गुणोत्तराची ठरावीक मर्यादा पाळता येत नाही, कारण छोटे बुकिंग घेताच त्याच वेळेवर येणारे हवे तितके लांब बुकिंग हातचे जाते. रिचर्ड लिप्टन व अँड्र्यू टॉम्किन्स यांनी १९९४ मध्ये यावर यादृच्छिक अल्गोरिदम मांडले.

एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे सोडण्याच्या सेवेत गाड्या एका बाजूला साचतात. केलिन लुओ, थॉमस एर्लेबाख व यिनफेंग शू यांनी २०१८ मध्ये दोन ठिकाणांपुरता हा प्रश्न अभ्यासला. बुकिंग प्रवासाच्या ठरावीक वेळ आधी होत असेल, ती वेळ दोन ठिकाणांतील प्रवासाहून कमी नसेल आणि गाड्यांची संख्या ३च्या पटीत असेल, तर त्यांचा ‘संतुलित लोभी’ अल्गोरिदम १.५ हे गुणोत्तर गाठतो. यादृच्छिकता न वापरता त्याहून चांगले शक्य नाही.

प्रत्यक्षात गाडी उशिरा परत येते, म्हणून दोन बुकिंगमध्ये थोडा वेळ मोकळा सोडावा लागतो. नेमणूक लांबवलेली असली, तर उशीर झालेल्या गाडीऐवजी तळावरची दुसरी मोकळी गाडी पुढच्या ग्राहकाला देता येते.