34 इंची कर्व्ह्ड मॉनिटर घेण्याआधी एवढं वाचा

बेताच्या बजेटात गेमिंगसाठी अल्ट्रावाइड (नेहमीच्या 16:9 ऐवजी 21:9 एवढा रुंद पडदा) हवा असेल, तर आम्ही दुकानात आधी दोन गोष्टी विचारतो: पीसीत ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे आणि तुम्ही गेम कोणते खेळता. मॉनिटर त्यानंतर दाखवतो.

3440 × 1440 च्या स्क्रीनवर सुमारे 49.5 लाख पिक्सेल असतात, फुल एचडीवर 20.7 लाख. म्हणजे कार्डावरचा भार जवळजवळ अडीच पट. आरटीएक्स 4060 किंवा आरएक्स 7600 सारख्या कार्डावर जड गेम चालतात, पण सेटिंग थोडी खाली आणून डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी पिक्सेलमध्ये चित्र बनवून ते मोठं करणाऱ्या सोयी) लावायची तयारी ठेवा. कार्ड याहून जुनं असेल तर तूर्तास 27 इंची सपाट मॉनिटर घ्या, त्यात पैसे वाया जात नाहीत.

गेमचंही तसंच आहे. फोर्झा होरायझन 5 किंवा सायबरपंक 2077 मध्ये 21:9 चा पडदा पूर्ण भरतो आणि गाडी चालवताना दोन्ही बाजूंचा रस्ता नजरेत येतो. व्हॅलोरंट आणि एल्डन रिंगमध्ये मात्र डाव्या-उजव्या कडेला काळ्या पट्ट्या येतात. प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सही 21:9 चित्र देत नाहीत. खेळणं मुख्यतः कन्सोलवर असेल तर अल्ट्रावाइड घेऊच नका.

स्वस्तात 34 इंची म्हणून 2560 × 1080 चे मॉनिटर विकले जातात. ते घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. त्यात एका इंचात जेमतेम 82 पिक्सेल बसतात. तुमच्या जुन्या 24 इंची फुल एचडीवरही 92 असतात. नवा मॉनिटर लावल्यावर अक्षरांच्या कडा आधीपेक्षा खडबडीत दिसल्या तर हळहळ होणारच. 3440 × 1440 ला हाच आकडा 110 होतो. 2560 × 1080 च घ्यायचा असेल तर तो 29 इंचीत घ्या.

कर्व्हचा आकडा म्हणजे वर्तुळाची त्रिज्या मिलिमीटरमध्ये. 1500आर म्हणजे दीड मीटर, 1000आर म्हणजे एक मीटर. आकडा लहान तितका बाक जास्त. गेमिंगला 1500आर छान. फोटो किंवा आराखड्यांचं काम करणाऱ्यांना सरळ रेषा वाकड्या वाटू शकतात, त्यांनी आधी समोर बसून बघावं.

या किमतीतले कर्व्ह्ड पॅनेल बहुतेक व्हीए जातीचे असतात; आयपीएस ही पॅनेलची दुसरी जात. व्हीएचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण 3000:1, आयपीएसच्या तिप्पट, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. मुख्य उणीव एकच, पण ती डोळ्यांनी बघूनच ठरवायला हवी: गडद छटा बदलायला वेळ लागतो. दुकानात आलात की एखाद्या गेममधला रात्रीचा प्रसंग लावून मागा आणि माउस झटक्यात फिरवा. झाडाच्या किंवा खांबाच्या मागे काळपट शेपूट ओढल्यासारखी दिसेल. काहींना ती जाणवतही नाही, काहींना दुसरं काही दिसत नाही. खोक्यावरच्या ‘1 एमएस’वर (एक मिलिसेकंद) विसंबू नका. तो आकडा एमपीआरटीचा (हलत्या चित्राचा धूसरपणा मोजणारा) असेल तर बॅकलाइट लुकलुकवून मिळवलेला असतो आणि त्यात उजेड कमी होतो. ‘एचडीआर’ (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला) या शब्दासाठीही जादा पैसे मोजू नका.

144 किंवा 165 हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेऊन एचडीएमआय 2.0 ने जोडला, तर या रिझोल्यूशनला तो 100 च्या आसपास अडतो. डिस्प्लेपोर्ट केबल लावा आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ हाताने बदला. फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाशी जुळवणारी एएमडीची सोय) लिहिलेला मॉनिटर एनव्हिडियाच्या जीटीएक्स 10 मालिकेपासून पुढच्या कार्डांवरही बहुधा चालतो.

टेबलावर सुमारे 80 सेंटिमीटर मोकळी रुंदी लागते. टेबलाची पुढून मागेपर्यंतची खोली 60 सेंटिमीटरच्या आत असेल तर स्टँडचे पाय कीबोर्डला अडतील. मग भिंतीचा किंवा टेबलाचा आर्म बसवावा लागतो, त्यासाठी मागे व्हेसाची (आर्म बसवायची ठरावीक मापाची) भोकं आहेत का ते पाहा.

32 इंचांवरील मॉनिटरवर पूर्वी 28 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के आहे. कोणी जुना दर लावत असेल तर बिल नीट वाचा. डेड पिक्सेल (न पेटणारे ठिपके) किती असले तर मॉनिटर बदलून मिळेल, हे त्या मॉडेलच्या वॉरंटीपत्रात आधीच बघून घ्या. घरी खोकं उघडताना पडद्याला बोटांनी दाबून उचलू नका, सपाट टेबलावर पालथाही घालू नका. बाकामुळे सगळा भार दोन कडांवर येतो. आतल्या फोममध्येच ठेवून स्टँड जोडा, आणि वॉरंटी असेपर्यंत तो फोम व खोकं माळ्यावर असू द्या.