काकींच्या पायातला फुटबॉल

शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून गावातले रक्ताचे रिपोर्ट माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कागद इंग्रजीत असतो आणि डॉक्टरांकडे दहाच मिनिटं मिळतात. मागच्या पावसाळ्यात रोवणी आटोपल्यावर शेजारच्या काकी दोन कागद आणि सुजलेला डावा पाय घेऊन ओट्यावर बसल्या. पोटरीवर बोटाएवढ्या जाड, निळसर, वेड्यावाकड्या शिरा. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट, चामड्यासारखी झालेली.

"गुरुजी, माया नसाईत खराब रक्त साचलं म्हणते. मंग रक्ताच्या रिपोर्टात काहून नाही दिसत?"

प्रश्न अगदी रास्त होता. पण रक्त खराब नव्हतं, बिघाड नळीत होता. आमच्याकडे मोटारीच्या पाइपाला खाली फूट व्हॉल्व्ह असतो, ज्याला सगळे फुटबॉल म्हणतात. तो गळायला लागला की मोटार बंद करताच पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. तेव्हा विहिरीचं पाणी तपासून काही कळत नाही. पायांच्या शिरांमध्येही अशाच झडपा असतात, रक्ताला वर जाऊ देणाऱ्या आणि खाली येऊ न देणाऱ्या.

झडपा स्वतःच्या हातावरही पाहता येतात. दंडाला दुपट्टा जरा आवळून बांधा आणि मूठ वळा. शिरा फुगतील आणि त्यांवर मध्ये मध्ये गाठीसारखे उंचवटे दिसतील. मनगटाकडच्या बाजूला शिरेवर एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून वर, एका उंचवट्याच्या पलीकडे रक्त ढकला आणि ते दुसरं बोट उचला. उंचवट्याखालचा तुकडा रिकामाच राहतो. खालचं बोट सोडलं की क्षणात भरतो. विल्यम हार्वेने 1628 मध्ये असाच हात बांधून दाखवलं होतं की शिरेतलं रक्त एकाच दिशेने, हृदयाकडे जातं. या झडपांचं वर्णन इटलीतल्या त्याच्या गुरूंनी, फॅब्रिशियस यांनी, त्याआधी 1603 मध्येच छापलं होतं, पण त्या कशासाठी आहेत हे त्यांना उलगडलं नव्हतं. नववीच्या वर्गात हा प्रयोग केला की निम्मी मुलं तास संपला तरी हात बांधूनच बसतात, म्हणून दुपट्टा दोन मिनिटांत सोडायला लावायचा.

उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास रक्ताचा स्तंभ असतो. त्याचा घोट्याच्या शिरेतला दाब साधारण 90 मिलिमीटर पारा. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू शिरा पिळतो, रक्त वर फेकलं जातं, झडपा मिटतात आणि हा दाब 30च्या आसपास उतरतो. झडप गळकी असेल तर तो उतरत नाही. शिरेची भिंत ताणते, लाल पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांतलं लोह कातडीखाली साचतं. काकींच्या घोट्याचा काळेपणा त्याचाच. आई-आजीकडून आलेला वारसा, बाळंतपणं, वय, तासन्‌तास उभं राहणं, या सगळ्याचा यात हात असतो. काकींची चार बाळंतपणं झालेली, आणि रोवणीच्या दिवसांत सकाळपासून बांधीत वाकून उभं राहणं.

याचं निदान करणारी तपासणी म्हणजे पायाची कलर डॉपलर सोनोग्राफी, शिरेत रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते दाखवणारी, आणि तीही उभं राहून केलेली. झोपवून केली तर उलटं वाहणारं रक्त निसटून जाऊ शकतं.

आता दुसरा कागद. नागपूरला डॉपलर झालं, जांघेजवळची झडप गळकी निघाली, लेसरने शीर बंद करायचं ठरलं. त्याआधी नेहमीची रक्ततपासणी केली, तर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला लागणाऱ्या बारीक पेशी, 42 हजार. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. आमच्याकडे 'पेशी कमी झाल्या' म्हटलं की डेंग्यूच आठवतो. घरात पपईच्या पानांचा रस सुरू झाला, बकरीचं दूध शोधत पोरं तीन गावं फिरली. काकींना ना ताप, ना हिरड्यांतून रक्त, ना अंगावर एक डाग.

नुसत्या आकड्यापेक्षा हे न जुळणं जास्त बोलकं होतं. रक्त घेतात ती जांभळ्या टोपणाची नळी असते ना, तिच्यात ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पण हजारात साधारण एका माणसाच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की ईडीटीए मिसळलं की प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. यंत्राला वीस प्लेटलेटचा गठ्ठा एकच मोठी पेशी वाटतो, कधी कधी तर पांढरी पेशी. शरीरात सगळं ठीक, बिघाड फक्त नळीत. काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की गठ्ठे दिसतात. मग निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजायचं. काकींच्या प्लेटलेट निघाल्या 2 लाख 10 हजार.

"मंग पयला रिपोर्ट कोनाचा होता?"

"तुमचाच, काकी."

हे त्यांना अजून पटलेलं नाही.

अशी कोडी आमच्या भागात आणखी आहेत. गावात घेतलेला नमुना एसटीने तालुक्याच्या लॅबला जाईपर्यंत रक्तातल्या पेशी साखर खातच असतात. साध्या नळीत तासाला पाच-सात टक्के साखर उतरते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हत्तीपायाचे जंतू रक्तात रात्री दहा ते दोनच्या सुमारास उतरतात, म्हणून रक्त घ्यायला आलेलं आरोग्य पथक लोकांना झोपेतून उठवतं. दिवसा घेतलेल्या रक्तात काही नाही म्हणजे रोग नाही, असं होत नाही. पाय एकदा कायमचा सुजला की बऱ्याचदा रात्रीच्या रक्तातही जंतू सापडत नाहीत. सिकलसेल हा लाल पेशींचा, आई-वडिलांकडून येणारा आजार. त्याच्या 'एसएस' रुग्णाच्या, म्हणजे दोघांकडूनही दोष आलेल्याच्या, घोट्यावर जखम झाली तर ती फुगलेल्या शिरेच्या जखमेसारखीच दिसू शकते. शिवाय त्याच्या लाल पेशी 120 दिवसांऐवजी दहा-वीस दिवसच जगतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा फसवा कमी येतो. सिकलसेलची पहिली, साधी विद्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह आली तरी तो एकाकडूनच दोष आलेला 'एएस' वाहक की 'एसएस' रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांशिवाय ठरत नाही. हे ठरवण्याआधीच लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत.

आणि ठळक छापलेला आकडा दिसला की जीव खालीवर करणाऱ्यांसाठी एक गणित. नॉर्मल मर्यादा म्हणजे बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी मधल्या 95 टक्क्यांचे आकडे. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर पडण्याची शक्यता 64 टक्के.

एका बाबतीत मात्र गणित करत बसू नये. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, तर आतल्या शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, दम लागत असेल तर तासाभरात. तिथे डी-डायमर ही गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी सांगतील. धोका कमी वाटणाऱ्या माणसात ती निगेटिव्ह आली तर गुठळी नाही असं बऱ्यापैकी मानता येतं. पॉझिटिव्ह आली तर फारसं काही सिद्ध होत नाही, कारण गरोदरपण, ताप, जखम, म्हातारपण, कशानेही ती वाढते. फुगलेली शीर फुटून रक्त उडालं तर लगेच आडवं व्हायचं, पाय उंच करायचा आणि फडक्याने दाबून धरायचं. लोक घाबरून उभ्या-उभ्याच दवाखान्याकडे धावतात आणि रक्त आणखी वाहतं.

काकींची शीर दिवाळीनंतर लेसरने बंद झाली. डॉक्टरांनी आधी पावलावरची नाडी चाचपून पाहिली, मग घट्ट मोजे दिले. धमनीत अडथळा असेल तर ते मोजे अपाय करतात. मोजे सकाळी खाटेवरून पाय खाली टाकण्याआधी चढवायचे असतात. मार्चपर्यंत त्यांनी ते नेमाने घातले. एप्रिलच्या उन्हात एक दिवस पाहिलं, तर मोजे दोरीवर वाळत होते आणि काकी धानाच्या पोत्यावर पाय ठेवून ओसरीत आडव्या झाल्या होत्या.