प्लॅस्टिक-पट्टी घर्षणजोड : पेटंटमधील स्वयंस्पष्टतेचा वाद

गठ्ठे, खोकी किंवा पॅलेटवरचा माल आवळणाऱ्या प्लॅस्टिक पट्टीची टोके घर्षणाने वितळवून जोडण्याची रीत त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचण्याजोगी (स्वयंस्पष्ट) व म्हणून पेटंटला अपात्र होती का, हा अमेरिकी पेटंट कायद्यातील वादविषय.

तंत्र : पट्टी मालाभोवती फिरवून टोके एकावर एक आणतात आणि ताण देतात. खालचा पदर दातेरी पकडीत स्थिर राहतो. वरचा पदर दाबाखाली वेगाने पुढे-मागे किंवा आडवा हलतो. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासून वितळले की हालचाल तत्काळ थांबवून दाब तसाच ठेवतात आणि जोड गोठल्यावरच पकड सोडतात. पॉलिप्रॉपिलीन सु. १६५° से.ला, तर पॉलिएस्टर सु. २५०–२६०° से.ला वितळते, त्यामुळे एका पट्टीसाठी बसवलेला वेळ दुसरीला चालत नाही.

वादाचे मूळ पट्टीच्या अंतर्रचनेत आहे. पट्टी तयार करताना लांबीच्या दिशेने अनेक पट ताणतात, रेणू त्या दिशेने रांगेत येतात आणि पट्टीचे बळ त्या रांगेतूनच येते. उष्णता जाडीभर शिरली की रेणू पुन्हा विस्कटतात आणि पट्टी जोडाशेजारी तुटते. घर्षणात उष्णता नेमकी दोन पदरांच्या संपर्कपृष्ठावर जन्मते, म्हणून वितळलेला थर अतिशय पातळ राहतो. तापलेले पाते पदरांमध्ये घालून काढण्याच्या जुन्या रीतीत ही मर्यादा सांभाळणे अवघड, विशेषतः पाते काढण्यास उशीर झाला तर. घासण्याचा वेळ कमी पडला, तर जोड केवळ ठिपक्यांनी धरतो व सोलून निघतो. जास्त झाला, तर कडेने वितळ बाहेर येऊन पदर पातळ होतो. हालचाल उशिरा थांबली, तर गोठू लागलेला थर फाटतो. पकड लवकर सोडली, तर पट्टीतला ताण अर्धगोठलेला जोड सरकवतो. धूळ किंवा ओल असली, तर बाहेरून ठीक दिसणारा जोडही कच्चा निघतो.

स्वयंस्पष्टतेच्या कसोटीचा उगम : पेटंटसाठी केवळ नावीन्य पुरेसे नाही, हे तत्त्व केव्हा रुजले याविषयी मतभेद आहेत. यंत्राचा आकार किंवा प्रमाण नुसते बदलणे म्हणजे शोध नव्हे, असे १७९३ च्या कायद्यात म्हटले होते. काहीजण उगम तेथेच शोधतात. मात्र अर्ल वि. सॉयर (१८२५) या खटल्यात न्यायमूर्ती स्टोरी यांनी नावीन्य व उपयुक्तता यांपलीकडे काही मागण्यास नकार दिला. दाराच्या मुठींबाबतच्या हॉचकिस वि. ग्रीनवुड (१८५१) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सामान्य कारागिराच्या कौशल्याहून अधिक काहीतरी असावे असे ठरवले. उगम येथे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. क्युनो (१९४१) खटल्यात ‘प्रतिभेची चमक’ मागितली गेली. १९५२ च्या कायद्यातील कलम १०३ ने ती बाजूला सारली : शोध कोणत्या रीतीने लागला यावर पेटंटपात्रता नाकारता येत नाही. ग्रॅहम वि. जॉन डिअर (१९६६) या निकालापासून पूर्वज्ञात तंत्राची व्याप्ती, त्याचा दाव्याशी (पेटंटमध्ये मागितलेल्या हक्काच्या वर्णनाशी) फरक आणि जाणकाराची पातळी या तीन गोष्टी तपासतात. व्यापारी यश, दीर्घकाळची गरज व इतरांचे अपयश हे पूरक पुरावे ठरतात.

युक्तिवाद : पेटंट रद्द करू पाहणारा पक्ष सहसा दोन दस्तऐवज जोडतो : पट्टी बांधण्याचे जुने यंत्र आणि प्लॅस्टिकचे भाग घासून जोडण्याची ज्ञात पद्धत. घुमवून जोडल्या जाणाऱ्या गोल भागांचे तंत्र पट्टीवाल्याने पाहायचे का, याचे उत्तर क्षेत्र तेच आहे का किंवा समस्येशी त्याचा वाजवी संबंध आहे का, यावर ठरते (इन री क्ले, १९९२). केएसआर वि. टेलिफ्लेक्स (२००७) नंतर दोन दस्तऐवज जोडण्याची प्रेरणा लेखी दाखवण्याचा आग्रह सैल झाला. ज्ञात घटकांतून अपेक्षित फळच मिळत असेल, तर पेटंट टिकणे कठीण.

पेटंटधारकाचा भक्कम आधार ‘अपेक्षित’ या शब्दातच असतो. ताणलेल्या पट्टीवर घर्षणाची उष्णता बळ घालवील असे तत्कालीन जाणकारांना वाटत होते, हे साक्षीने सिद्ध झाले, तर रेणूंची रांग टिकणे हे अनपेक्षित फळ ठरते. केवळ दाब, वेळ किंवा वेग यांचे आकडे दाव्यात घातल्याने काम भागत नाही : नेहमीच्या चाचण्यांतून योग्य मर्यादा शोधणे पेटंटयोग्य नव्हे (इन री ॲलर, १९५५). पण त्या मर्यादेत वेगळ्याच प्रकारचा परिणाम दिसला, तर गोष्ट बदलते. यंत्रांच्या खपाचा पुरावाही जपून वापरावा लागतो. खप हलकेपणामुळे, बॅटरीमुळे किंवा विक्रीजाळ्यामुळे झाला असेल, तर त्याचा जोडपद्धतीशी दुवा उरत नाही.

मंजूर पेटंट न्यायालयात वैध गृहीत धरले जाते व ते खोडून काढायला स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा लागतो (मायक्रोसॉफ्ट वि. आयफोरआय, २०११). पेटंट कार्यालयातील आंतरपक्षीय फेरतपासणीत याहून हलकी कसोटी चालते. १६ मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार जाणकाराचे ज्ञान शोधाच्या नव्हे, तर अर्जाच्या प्रभावी तारखेला मोजतात. युरोपात हाच प्रश्न युरोपीय पेटंट कराराच्या ५६ व्या अनुच्छेदाखाली, सर्वांत जवळचे पूर्वज्ञात तंत्र व त्यातून उरलेली तांत्रिक समस्या ठरवून सोडवतात.