डोलकाठीच्या टोकावरचे ३० ग्रॅम

नौदलाचं काथ्यानं शिवलेलं शिडाचं जहाज 'कौंडिण्य' मस्कतला पोचल्यापासून ओळखीचे लोक मला हातानं बनवलेल्या शिडाच्या होड्यांचे फोटो पाठवू लागले आहेत. कुणी बाल्साची, कुणी सागवानाच्या पट्ट्यांची, कुणी आइस्क्रीमच्या काड्यांची. फोटोखालचं वाक्य मात्र बहुतेक ठरलेलं: "मुख्य काम झालं, आता नुसती सजावट राहिली."

या 'नुसती'वर माझा आक्षेप आहे. होडी काचेच्या कपाटात ठेवणार असाल तर खुशाल सजवा. पण तिला तळ्यात सोडायचं असेल, तर शेवटचं बारीक काम हाच सगळ्यांत धोक्याचा टप्पा. तोवर नीट तरंगणारी होडी कप्प्या, कंदील, निशाण आणि वार्निशचा तिसरा हात लावल्यावर पहिल्याच झुळकीला आडवी होते. मग प्रश्न येतो, "सगळं मापात, अगदी हुबेहूब केलंय, तरी का पडते?" खरं तर हुबेहूब केली म्हणूनच पडते. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आर्किमिडीज शाळेत झालेला आहे. होडीचं सगळं वजन एका बिंदूतून खाली ओढतं, तो गुरुत्वमध्य. बाजूला सारलेलं पाणी होडीला एका बिंदूतून वर उचलतं, तो उत्प्लावनाचा मध्य. पाण्याखालच्या भागाच्या आकाराचा तो मध्य असतो. आपण असं धरून चालतो की होडी उभी राहायला गुरुत्वमध्य या दुसऱ्या बिंदूच्या खाली असायला हवा. पाणबुडीला ते लागू आहे, बहुतेक जहाजांना नाही. साध्या होडीचा गुरुत्वमध्य वरच असतो, तरी ती उभी राहते. होडी उजवीकडे कलली की उजवी बाजू पाण्यात जास्त बुडते, पाण्याखालचा आकार बदलतो आणि उत्प्लावनाचा मध्य उजवीकडे सरकतो. आता वर उचलणारं बल उजवीकडून येतं आणि होडीला परत सरळ करतं. या सरकलेल्या बिंदूतून उभी रेघ काढा. होडीच्या मध्यरेषेला ती जिथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. प्येर बुगे या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७४६ साली ही कल्पना मांडली. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेल तोवर होडी सावरते. दोहोंमधलं अंतर म्हणजे होडीची शिल्लक. वर चढवलेली प्रत्येक वस्तू त्यातून थोडं काढून घेते.

मेटासेंटर किती उंच, हे ठरवण्यात रुंदीचा वाटा फार मोठा आहे, कारण तिथे रुंदीचा घन येतो. १६ सेंटीमीटर रुंद होडी १७ सेंटीमीटरची केली, तर रुंदीमुळे मिळणारा आधार सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. पण हा निर्णय सांगाडा करतानाच होऊन गेलेला असतो. सजावटीच्या वेळी हातात उरतो तो फक्त गुरुत्वमध्य.

आकडे घेऊ. समजा, कोकणातल्या १५ मीटर लांबीच्या मचव्याचं १:२५ मापाचं मॉडेल आहे. लांबी ६० सेंटीमीटर, वजन दीड किलो. तळापासून मोजलं तर गुरुत्वमध्य ७ सेंटीमीटरवर आणि मेटासेंटर सुमारे ९.३ सेंटीमीटरवर. शिल्लक २.३ सेंटीमीटर. डोलकाठीचं टोक तळापासून ६० सेंटीमीटर उंच. तिथे पितळी कप्पी, छोटा कंदील, निशाण आणि त्याची काठी असे मिळून ३० ग्रॅम चढवले. एकूण वजनाच्या तुलनेत हे फक्त दोन टक्के. पण ते गुरुत्वमध्यापासून ५३ सेंटीमीटर वर आहेत. ३० गुणिले ५३ भागिले १५३० केलं की उत्तर येतं एक सेंटीमीटर आणि थोडं वर. म्हणजे २.३ मधले १.०४ गेले. शिल्लक जवळजवळ निम्मी!

तेच ३० ग्रॅम डेकवर, १० सेंटीमीटर उंचीवर ठेवा. गुरुत्वमध्य अर्ध्या मिलिमीटरहून जरासाच वर सरकतो. वस्तू त्याच, वजन तेच, परिणामात १७ पटींहून जास्त फरक. म्हणून फोटो पाहताना मी विचारतो, "यातलं कितव्या सेंटीमीटरवर काय आहे?" लोकांना वाटतं मी खोड काढतोय.

खऱ्या जहाजांनीही हा हिशेब चुकवला आहे. स्वीडनचं 'वासा' १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमहून पहिल्यांदा निघालं आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडालं. सुमारे ३० माणसं गेली. त्याआधी बंदरात चाचणी झाली होती. ३० खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला लावलं, तर जहाज इतकं डोलू लागलं की अॅडमिरलनं चाचणीच थांबवली. जहाज मात्र थांबवलं नाही. त्यावर शेकडो कोरीव मूर्ती होत्या, म्हणून 'राजाच्या हौसेच्या नक्षीनं जहाज बुडालं' असं सर्रास सांगितलं जातं. गोष्ट चटकदार आहे, पण दोष मुख्यतः पाण्याच्या वरच्या बांधणीचा होता. वरचे मजले फार जड, आणि खाली त्यांना तोलायला नीरम, म्हणजे तळातलं वजन, अपुरं. १९६१ साली वर काढलेलं ते जहाज आज संग्रहालयात आहे आणि शेजारी त्याचं रंगीत, शिडांसकट १:१० मापाचं मॉडेल. ते मॉडेल कुणी पाण्यात सोडत नाही, हे बरं.

आता माझा आवडता भाग. थोडं गणित आहे, पण वजाबाकी-गुणाकाराच्या पुढचं नाही.

समजा, खरा मचवा उत्तम आहे, वर्षानुवर्षं समुद्रात टिकलेला. त्याची प्रत्येक गोष्ट, लाकडाच्या घनतेसकट, बरोबर २५ पट लहान केली. आता दोघांना एकाच वाऱ्यात उभं करा. वारा शिडाच्या दर चौरस सेंटीमीटरवर सारखाच दाब देतो. शिडाचं क्षेत्रफळ २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ पट कमी झालं. शीड ज्या उंचीवर ढकललं जातं ती उंची २५ पट कमी. म्हणून होडीला कलवण्याची ताकद १५,६२५ पट घटली. इथवर ठीक. पण सावरण्याची ताकद कशातून येते? वजनातून, आणि कलल्यावर वजन व उचल यांच्यात पडणाऱ्या आडव्या अंतरातून. वजन घनफळाबरोबर जातं, म्हणजे तेच १५,६२५ पट कमी झालं. वर ते अंतरही २५ पट कमी. म्हणून सावरण्याची ताकद ३,९०,६२५ पट घटली. कलवणारी ताकद लांबीच्या तिसऱ्या घाताबरोबर बदलते, सावरणारी चौथ्या. त्या एका जादा घातामुळे मॉडेल त्याच वाऱ्यात मूळ होडीपेक्षा २५ पट हळवं होतं.

दुसऱ्या बाजूनंही हेच मांडता येतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. २५ चं वर्गमूळ ५. म्हणजे मॉडेलच्या दृष्टीनं वारा पाचपट वेगाचा असतो. तळ्यावर ताशी १५ किलोमीटरची सुखद झुळूक असेल, तर तुमची होडी ताशी ७५ किलोमीटरच्या तुफानात उभी आहे. त्या वाऱ्यात कुठला तांडेल पूर्ण शीड ठेवेल? तरी आपण मॉडेलवर सगळी शिडं ताणून बांधतो, कारण फोटोत ती छान दिसतात.

हेच वर्गमूळ विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यांनी जहाजांच्या लाटांमध्ये शोधलं होतं. इंग्लंडमधल्या टॉर्कीला १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी लांब टाकी बांधून घेतली आणि तीत जहाजांची मॉडेलं ओढून पाहिली. मॉडेलचा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला, तर त्याच्याभोवतीच्या लाटांचा नमुना खऱ्या जहाजासारखाच उमटतो. पाण्याच्या घर्षणाला हा नियम लागू पडत नाही, म्हणून त्याचा हिशेब त्यांनी वेगळा केला. जगभरच्या चाचणी टाक्या आजही याच वाटेनं जातात. 'कौंडिण्य'चंच बघा. अजिंठ्याच्या चित्रावरून प्रेरणा घेतलेलं, काथ्यानं फळ्या शिवलेलं हे जहाज गोव्यात बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. चित्रातून आकार मिळाला, आराखडा नव्हता. मग नौदलानं आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाकडून मॉडेलच्या चाचण्या करून घेतल्या. 'पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असे फॉरवर्ड याच जहाजाच्या फोटोसह फिरतात, त्यांत या चाचण्यांचा उल्लेख मला तरी सापडला नाही.

मग सजावट करायचीच नाही का? करायची, पण खालून वर. 'कौंडिण्य'वरची सजावट या नजरेनं पाहण्यासारखी आहे. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, सिंहयाळी हा सिंहासारखा काल्पनिक प्राणी, डेकवर हडप्पा धर्तीचा दगडी नांगर, शिडांवर गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी आणि सूर्य. म्हणजे जड वस्तू खाली आणि उंचावर फक्त रंग. मॉडेल करताना शिडावरची चित्रं पातळ फॅब्रिक रंगानं काढा, ट्यूबमधल्या जाड रंगाचे थर नकोत. शिडाची शिवण पेन्सिलीनं दाखवली तरी चालते. डोलकाठी आणि परबाण, म्हणजे शीड बांधायची आडवी काठी, बांबूच्या काडीचे करा. त्यांना खऱ्या मापाइतकं जाड ठेवायची गरज नाही. त्याच वाऱ्यात लहान काठीवर येणारा ताण मोठीइतकाच असतो आणि खऱ्या तुफानात आपण होडी सोडणारच नसतो. कप्प्या पितळेऐवजी लाकडाच्या करा. दोर म्हणून सुती दोरा वापरणार असाल तर मधमाशीचं मेण चोळा, तंतू बसतात आणि पाणी कमी शोषलं जातं. सुती दोरा भिजला की आखडतो आणि बारीक डोलकाठीला वाकवतो. पॉलिस्टरच्या दोऱ्याची ही कटकट नाही.

निशाणाची गंमत वेगळीच. कापड स्वतःच्या वजनानं किती लवेल, हे लांबीचा घन भागिले जाडीचा वर्ग यावर अवलंबून असतं. लांबी आणि जाडी दोन्ही २५ पट कमी केली, तरी भागाकार २५ पट कमी येतो, म्हणजे निशाण तुलनेनं २५ पट ताठ. शिवाय बाजारात २५ पट पातळ कापड मिळत नाही, ते वेगळंच. म्हणून लहान होडीवरचं कापडी निशाण पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. त्याऐवजी टिश्यू पेपर घ्या, पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलनं भिजवा, बोटांनी चुण्या पाडा आणि वाळू द्या. वजनही जवळपास शून्य.

कुणी टोकाला छोटी लिंबू-मिरची बांधतात. दृष्ट लागते की नाही यावर वाद घालत नाही, पण भौतिकीच्या दृष्टीनं त्याहून वाईट जागा होडीवर नाही. शकुनच हवा असेल तर रोमन लोकांची रीत बरी. लंडनला थेम्स नदीत सापडलेल्या एका रोमन जहाजात डोलकाठी बसवण्याच्या खाचेत सम्राट डोमिशियनचं नाणं मिळालं. नाण्यानं नशीब उघडलं नसेल, पण निदान ते तळाशी होतं.

वर चढलेलं वजन तळातल्या शिशानं भरून काढता येतं, पण ३० ग्रॅमच्या बदल्यात ३० ग्रॅम पुरत नाही. अंतर पाहायचं. गुरुत्वमध्याच्या ६ सेंटीमीटर खाली शिसं बसवणार असाल तर सुमारे २६५ ग्रॅम लागतात आणि तेवढी होडी पाण्यात आणखी बसते. शिसं हाताळताना हातमोजे घाला, वरून रंगाचा थर द्या, मुलांच्या हाती देऊ नका.

शेवटी मोजून बघा, टब पुरतो. डेकच्या मध्यरेषेवर २० ग्रॅमचं वजन ठेवा. डोलकाठीला वरून ३० सेंटीमीटर दोरा सोडून खाली मणी बांधा आणि मण्यामागे पट्टी आडवी लावा. पाणी शांत झालं की वजन ६ सेंटीमीटर बाजूला सरकवा. आपल्या हिशेबातल्या होडीचा मणी पट्टीवर सुमारे १० मिलिमीटर सरकेल. टोकावर ३० ग्रॅम चढवल्यावर तोच सुमारे १९ मिलिमीटर जाईल. मणी अगदी हलका घ्या. मोकळं लोंबणारं वजन जिथे लोंबतं तिथे धरायचं नसतं, ज्या खिळ्याला बांधलंय तिथे धरायचं असतं, कारण होडी कलली की तेही त्या बाजूला झुकतं. डोलकाठीवरून खाली सोडलेला कंदील डेकजवळ दिसतो खरा, पण हिशेबात तो टोकावरच असतो. मणी १९ च्या पुढे गेला तर आधी तो कंदील काढा आणि पुन्हा मोजा.