वावर सरकतं, धुरा सरकत नाही

मोजणीला आता साखळी येत नाही, काठीवरचा रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या लहरी टिपून जागा सांगणारा फिरता रिसीव्हर, येतो. आणि रोव्हर आला की एक शंका हमखास निघते: भारत दरवर्षी पाच सेंटीमीटर सरकतो म्हणतात, मग वीस वर्षांत आपलं मीटरभर वावर शेजाऱ्याकडे गेलं का? नाही. शेजाऱ्याचं वावरही तेवढंच, त्याच दिशेला गेलं. पण मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटरनी चुकत असताना हे पाच सेंटीमीटर मोजतात कसे?

मोबाइल उपग्रहाच्या संदेशातली वेळ वाचतो. भूपट्टाचं (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याचं) सरकणं मोजणारा रिसीव्हर तो संदेश वाहून आणणारी रेडिओलहरच मोजतो. तिची लांबी १९ सेंटीमीटर, आणि तिचा शंभरावा भाग ओळखता येतो, म्हणजे दोन मिलिमीटर. अडचण पुढेच आहे. बंडीच्या चाकाच्या धावेवर चुन्याची खूण करा. चाक पाव फिरलं की अर्धं, हे खुणेवरून नेमकं कळतं. तुम्ही बघायला लागण्याआधी किती पुरे फेरे झाले, ते कळत नाही. उपग्रह २०,२०० किलोमीटर वर, मधल्या पुऱ्या लाटा दहा कोटींहून जास्त. हा आकडा पूर्णांकच असला पाहिजे, एवढीच हाती असलेली किल्ली. उपग्रह आकाशात सरकत जातो तसे कोन बदलतात, आणि आठ-दहा उपग्रहांची समीकरणं एकत्र सोडवली की पूर्णांकांचा एकच संच सगळ्यांशी जुळतो. मध्येच कडुनिंबाची फांदी आड आली की मोजदाद तुटते. एक लाट चुकली तर १९ सेंटीमीटर, म्हणजे भूपट्टाची जवळपास चार वर्षांची वाटचाल चुकली. शेजारी पत्र्याचं छप्परही नको. त्यावरून उसळलेली लहर लांबच्या वाटेने येते आणि आकडा बिघडवते.

आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, लहरीला होणारा उशीर काढायला दुसरी, २४ सेंटीमीटरची लहर वापरतात. पावसाळी हवेतली वाफ अंतर ३० सेंटीमीटरपर्यंत फुगवून दाखवते, ते गणितातच सोडवावं लागतं. शिवाय चंद्र-सूर्याच्या ओढीने जमीन स्वतःच दिवसातून दोनदा वर-खाली होते, तेही वजा.

विदर्भात खरी फजिती काळ्या मातीची. पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात आणि घरांच्या भिंती तडकतात. अशा मातीत अँटेनाचा खांब रोवला तर जागेच्या आलेखात पाऊसपाणीच दिसेल. म्हणून काळी माती, मग मुरूम खणून खालच्या काळ्या पाषाणापर्यंत जायचं. विहीर खणणाऱ्याला हा क्रम पाठच असतो. पाषाणात भोक पाडून स्टेनलेस स्टीलची सळई इपॉक्सीने बसवायची, तिच्यावर काँक्रीटचा खांब. मातीच्या थरापुरता खांबाभोवती मोठा पाइप घालून मधे पोकळी ठेवायची, म्हणजे फुगलेली माती खांबाला रेटत नाही. अँटेनावरची उत्तरेची खूण उत्तरेलाच हवी, आणि खांबावरच्या मोजणीच्या खुणेपासून अँटेनाच्या तळापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये नोंदवलेली हवी. पुढे कुणी अँटेना बदलून नोंद केली नाही, तर आलेखात पायरी उमटते आणि जमीन हलल्याचा भास होतो.

दर ३० सेकंदांनी एक वाचन, दिवसाला २,८८०; त्यातून दिवसाचं एक स्थान. ऋतूंमुळे आलेखाची रेघ डोलत राहते, म्हणून अडीच वर्षांपेक्षा कमी नोंदींवरून वेग सांगू नये. हैदराबाद आणि बंगळूरूची कायम ठाणी (एका जागी पक्के बसवलेले रिसीव्हर) वर्षाला उत्तरेकडे साडेतीन आणि पूर्वेकडे चार सेंटीमीटर जातात. दोघांमधलं अंतर मात्र जवळपास तसंच राहतं. आवळलं जातं ते हिमालयात, नेपाळच्या भागात वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर. तिथे भूकंपाचा ताण साठतो, हे यातून कळतं. तारीख कळत नाही. ग्रहयुती दाखवून तारीख सांगणारे व्हॉट्सॲपवरचे संदेश सरळ पुसून टाका.

रोव्हर जवळच्या कायम ठाण्याच्या तुलनेत मोजतो. दोघंही एकाच भूपट्टावर, म्हणून सरकणं आपोआप वजा होतं. गोंधळ होतो तो २००५ सालाला धरून काढलेले अक्षांश-रेखांश आणि आजचे एकत्र केले की: सगळ्या खुणा एकदम मीटरभर ईशान्येला गेलेल्या दिसतात. ऑस्ट्रेलियाला तर याच कारणाने अक्षांश-रेखांशांची १९९४ ची चौकट बदलून २०२० ची घ्यावी लागली, फरक १.८ मीटरचा होता. कागदावर अक्षांश-रेखांश मिळाले, तर ते कोणत्या तारखेला धरून काढलेत हेही शेजारी लिहून घ्या.