धोत्र्याचं फळ: विष तेच, औषध पण तेच

महाशिवरात्रीला कोल्हापुरात बेलाबरोबर धोत्र्याची काटेरी हिरवी फळं पण विकायला येतात, एरवी हेच झाड उकिरड्यावर नाहीतर बांधाला आपोआप उगवतं म्हणून कोण त्याला विचारत नाही. देवाला वाहिलं, विषय संपला. पण फळ वाळून तडकलं आणि आतल्या बिया पोरांच्या हाताला लागल्या की काय खरं नाही, कारण त्या दिसायला साधारण मिरचीच्या बियांसारख्याच असतात.

आता दिसणारच की, धोत्रा, मिरची, वांगी, टोमॅटो सगळी एकाच खानदानातली. फॉरेन्सिकवाल्यांना तर दोन्ही बिया वेगळ्या ओळखायला मुद्दाम शिकवतात: मिरचीची फिकट पिवळी, पातळ आणि तिखट, धोत्र्याची तपकिरी, जाडसर आणि कडू (चाखून बघायच्या भानगडीत पडू नका).

बियांमध्ये ॲट्रोपिन, हायोसायमिन, स्कोपोलामिन ही विषारी रसायनं असतात. शरीरात नसांचा निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन जिथं जाऊन बसतं तीच जागा हे अडवून धरतात, मग तोंडाला कोरड पडते, घाम बंद होतो म्हणून अंग तापतं, चेहरा लाल होतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, लघवी तुंबते आणि माणूस बरळत हवेतले नसलेले दोरे ओढायला लागतो. त्यात आतडी पण मंदावतात, त्यामुळं बिया पोटात पडून राहतात आणि त्रास लांबतो.

गंमत म्हणजे फवारणीचं ऑर्गॅनोफॉस्फेट औषध पोटात गेलेला शेतकरी दवाखान्यात आला की त्याला वाचवायला हेच ॲट्रोपिन टोचतात. तिथं ॲसिटिलकोलिन नको इतकं साठलेलं असतं, लाळ गळते, छातीत पाणी भरतं, आणि जागा अडवणारा हा गडी तेव्हा नेमका कामाला येतो. जर्मनीत 1830 च्या दशकात ॲट्रोपिन शुद्ध स्वरूपात काढलं गेलं. दम्याला पूर्वी धोत्र्याच्या पानांचा धूर ओढायचे, आजच्या इन्हेलरमधलं इप्राट्रोपियम त्याच ॲट्रोपिनपासून बनवलेलं आहे. गाडी लागू नये म्हणून कानामागं लावायच्या पट्टीत स्कोपोलामिन असतं.

फरक फक्त मापाचा, इंजेक्शनमध्ये मिलिग्रॅम मोजून देतात, फळात किती भरलंय ते झाडागणिक बदलतं. आयुर्वेदात पण धोत्रा उपविषात (सौम्य विषांत) धरतात, शोधन (विष कमी करायची प्रक्रिया) केल्याशिवाय बी वापरत नाहीत, त्यामुळं मोबाईलवर आलेला घरगुती काढा करून बघू नका राव. कुणी खाल्लंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसायचं नाही, उरलेलं फळ पिशवीत घालायचं आणि सरळ सीपीआर (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) गाठायचं.