झाकणाखालचे ढग

पोर्तुगालचं मदेरा बेट जहाजातून पहिल्यांदा दिसतं तेव्हा डोंगर नीट दिसतच नाही. दिसतो तो ढगांचा लांबलचक पट्टा. खालची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ, वरचीही जवळजवळ तशीच. पट्ट्याखाली हिरवे उतार आणि लाल कौलांची घरं, आणि नशीब जोरावर असेल तर पट्ट्याच्याही वर, भलत्याच उंचीवर, दोन-चार काळी टोकं. डेकवरची मंडळी हळहळतात: फोटो बिघडला. खरं तर बेटावरची बरीचशी गोष्ट त्या पट्ट्यातच आहे.

अटलांटिकच्या क्रूझमध्ये हा फेरा नेहमीचा: मदेरा, मग रात्रभर दक्षिणेकडे जाऊन स्पेनच्या ताब्यातली कॅनरी बेटं. दोन्हीकडची बेटं ज्वालामुखींनी समुद्रतळापासून उभारलेली. मदेराचं सर्वोच्च शिखर पिको रुइवो १,८६२ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा दोनेकशे मीटर उंच. आणि हे सगळं जेमतेम ५७ किलोमीटर लांब, २२ किलोमीटर रुंद बेटावर. कॅनरीतल्या तेनेरीफ बेटावरचा तेइदे ज्वालामुखी तर ३,७१५ मीटर. तळापासून मोजला तर सुमारे साडेसात हजार.

इथला खडक मराठी माणसाला ओळखीचा वाटेल. फुंशाल बंदरातून पश्चिमेला निघालेली होडी काबो जिराव या कड्याखालून जाते. ५८० मीटरची ती भिंत समुद्रातून सरळ वर जाते आणि तिच्यात काळ्या बेसॉल्टचे थर एकावर एक रचलेले दिसतात. मधूनमधून तांबूस पट्टे आहेत. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात पडलेली राख, साठलेली माती, वरून आलेल्या तप्त लाव्ह्याने भाजून लाल झालेली. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे असे पट्टे आपणही पाहतो. फरक वयाचा. आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, मदेराचा पाण्यावरचा भाग जास्तीत जास्त सत्तरेक लाख वर्षांचा. म्हणून सह्याद्री झिजून सपाट माथ्यांचा झालाय आणि मदेरा अजून धारदार आहे.

आता त्या पट्ट्याकडे वळू. या भागात वर्षातला बराच काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. समुद्रावरून येताना ते ओलावा घेतात, बेटाच्या उत्तर उतारावर आदळून वर चढतात, थंड होतात आणि त्यांतल्या वाफेचे ढग होतात. इथपर्यंत आपला घाटमाथाच. महाबळेश्वरला धो धो आणि तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला बेताचा पाऊस, तसंच इथे उत्तर बाजू ओली आणि दक्षिण कोरडी. पर्यटकांची हॉटेलं दक्षिणेला का, तेही यातून कळतं.

पण पावसाळ्यात आपल्याकडच्या ढगाला वर वाढायला मोकळं आकाश असतं. तो किलोमीटरच्या किलोमीटर वर चढतो. अटलांटिकमधल्या या ढगाला मात्र साधारण दीड किलोमीटरवर झाकण लागतं.

हे झाकण हवेचंच असतं. विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा उत्तरेला सरकते आणि साधारण ३० अंश अक्षांशाच्या आसपास पुन्हा खाली बसू लागते. मदेरा ३२-३३ अंशांवर, कॅनरी २८ वर. म्हणजे बरोबर या पट्ट्यात. खाली येताना हवा दाबली जाते आणि दाबली की तापते, दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, तसंच काहीसं. इकडे खाली उत्तरेकडून आलेला थंड सागरी प्रवाह समुद्रालगतची हवा गार ठेवतो. झालं: खाली गार आणि दमट, वर उबदार आणि कोरडी. गार हवा जड, ती उबदार थरात घुसू शकत नाही. थंडीत पहाटे गावावर चुलींचा धूर वर न जाता आडवा पसरून राहतो ना, कारण तेच. इथे धुराच्या जागी ढग असतो एवढंच.

तेनेरीफच्या उत्तर किनाऱ्यावरचे लोक डोक्यावर दिवसेंदिवस टेकलेल्या या करड्या ढगाला ‘गाढवाचं पोट’ म्हणतात. हवामानखात्याच्या कुठल्याही शब्दापेक्षा हा शब्द मला जास्त पटतो.

असा पातळ ढग जोराचा पाऊस पाडत नाही. त्यातले थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे, खाली पडायलाही हलके. मग पाणी मिळतं कसं? झाडं ते गाळून घेतात. वाऱ्यासोबत वाहणारं धुकं पानांवर आदळतं, पानावर थेंब थेंबाला मिळतो, जड होतो आणि टपकतो. कॅनरी पाइनच्या सुया वीतभर किंवा त्याहून लांब, तीन-तीनच्या जुडग्यात. धुकं विंचरायची फणीच जणू. बाहेर रस्ता कोरडा आणि झाडाखाली मात्र माती चिंब, हे पावसाळ्यात आंबोलीला धुक्यात थांबलेल्यांनी पाहिलं असेल. एल येर्रो या छोट्या कॅनरी बेटावर तर गारोए नावाचं एक झाड होतं. त्याच्या पानांवरून ठिबकणारं पाणी खालच्या खड्ड्यांत साठवून मूळचे रहिवासी पीत असत. १६१० मध्ये ते वादळात उन्मळलं. विसाव्या शतकात त्याच जागी त्याच जातीचं दुसरं झाड लावलं गेलं आणि तेही ठिबकतं.

ती जात म्हणजे तिल. तिळाशी संबंध नाही, तमालपत्राशी आहे. मदेराच्या उत्तर उतारावरचं जंगल बहुतांशी याच कुळातल्या झाडांचं. आपली दालचिनी आणि तमालपत्र त्यांचे दूरचे भाऊबंद. कधीकाळी असली जंगलं दक्षिण युरोपात पसरलेली होती. हवामान थंड आणि कोरडं होत गेलं तशी ती तिथून संपली आणि या ढगांच्या ओलाव्यात टिकून राहिली. मदेरावरचं सुमारे १५,००० हेक्टर जंगल १९९९ पासून जागतिक वारसा आहे. त्यातल्या एका झाडाचं शास्त्रीय नाव ‘पर्सिया इंडिका’. भारतात ते रानात कुठे उगवत नाही, नाव देणाऱ्याची गफलत.

पाणी उत्तरेला, ऊन आणि शेतं दक्षिणेला. पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी इथे ऊस लावला आणि लगेच पाण्याचा प्रश्न आला, जसा उसाबरोबर सगळीकडे येतो. त्यांनी डोंगराच्या कुशीने पाट काढले. त्यांना म्हणतात लेवादा. हातभर रुंद, उतार इतका कमी की पाणी चालतंय की थांबलंय ते वाळकं पान टाकून बघावं लागतं. कड्यांमध्ये कोरलेले, बोगद्यांतून नेलेले. या कामात गुलामांचेही हात होते. आज या पाटांची लांबी दोन हजार किलोमीटरहून जास्त भरते. पाटाच्या कडेने चालायला पायवाट ठेवलेली असते, कारण झडपा उघडायला, गाळ काढायला आणि प्रत्येकाची पाळी सांभाळायला माणूस लागतो. त्याला लेवादेरो म्हणतात, आपला पाटकरी. क्रूझवाले ज्या वाटेने ‘नेचर वॉक’ला नेतात ती मुळात त्या पाटकऱ्याची वाट.

हिवाळ्यात मात्र अटलांटिकवरची वादळं येतात तेव्हा झाकण मोडतं आणि मग खरा पाऊस पडतो. २० फेब्रुवारी २०१० ला मदेरावर तो इतका कोसळला की फुंशालमधून जाणाऱ्या ओढ्यांनी दगड-चिखल घेऊन गावात मुसंडी मारली. चाळीसहून अधिक माणसं गेली. उभे उतार, अरुंद घळी आणि तळाशी शहर.

कॅनरी बेटांत पाण्याची आणखी एक युक्ती आहे. ज्वालामुखीच्या भेगांत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती डोंगराच्या पोटात असतात. पाणी मुरतं आणि या भिंतींमागे अडतं, जमिनीखालच्या बंधाऱ्यांसारखं. तेनेरीफमध्ये त्यासाठी हजाराहून अधिक आडवे बोगदे खणलेत. विहीर खाली खणतात, इथे ती डोंगरात आडवी.

आता तेइदेची सहल. जहाज तेनेरीफच्या सांता क्रूझ बंदराला लागतं, वर करडं आकाश, आणि निम्मे लोक ठरवतात की आज डोंगरावर जाण्यात अर्थ नाही. बस निघते, पाइनच्या जंगलात शिरते, काचांवर पाणी येतं, दहा मीटरपुढचं दिसेनासं होतं. मग एका वळणावर अचानक ऊन. ढग खाली राहिलेला असतो, पांढऱ्या समुद्रासारखा पसरलेला. इथून वर डोंगर पुन्हा कोरडा होत जातो: पाइन संपतात, खुरटी झुडपं येतात, मग नुसता लाव्हा. झाकणाच्या वरची हवा कोरडी आणि स्थिर म्हणूनच तेनेरीफवरच्या इझान्या इथे सुमारे २,४०० मीटर उंचीवर वेधशाळा आहे, आणि शेजारच्या ला पाल्मा बेटावर १०.४ मीटर आरशाची दुर्बीण.

तेव्हा बंदरावर गाढवाचं पोट टेकलेलं असेल तर सहल रद्द करू नका. स्वेटर घ्या, कारण तेइदेवरच्या रोपवेचं वरचं स्थानक ३,५५५ मीटरवर आहे. आणि गॉगलही घ्या.